दोन हात चुना

मामा, काल निळ्या ड्रममध्ये चुनकळी विरायला टाकली. आधी पाणी, मग चुना, आणि टाकताना तोंड बाजूला. हे तुम्ही दरवेळी सांगायचात आणि मी दरवेळी म्हणायचे, "कळलं मामा, दुसरीतल्या पोरीला सांगितल्यासारखं सांगू नका." काल सांगायला कुणी नव्हतं, तर तोंड बाजूला करायचंच विसरले. वाफ डोळ्यांत गेली. समोरच्या सुमनकाकूंना वाटलं, सून सासऱ्याच्या आठवणीनं रडतेय. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ते बघून मला खरंच रडू आलं, आणि रडता रडता हसू, कारण तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघ आता पुस्तकात, डोळ्यात चुना गेल्यावर काय करत्यात ते."

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तुमचं वय, तुम्ही बांधलेली घरं, तुमचा शेवटचा आजार, हे सगळं दहाव्याला आलेल्यांनी एकमेकांना सांगून झालं. ते मी लिहीत नाही. मला तुमच्याशी छताबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे.

लग्न होऊन सास्तूरला आले तेव्हा पहिल्या दिवशीच एक गोष्ट मला विचित्र वाटली होती. नामदेव मिस्त्री म्हणून ज्यांना पंचक्रोशी ओळखते, भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या नव्या गावातली कितीतरी घरं ज्यांच्या हातची, हे आपलं घरसुद्धा, ते स्वतः त्या घरात राहत नव्हते. जेवण अंगणात. पाहुण्यांशी बोलणं अंगणात. झोप लिंबाखाली बाजेवर, आणि पाऊस आला की शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. घरात यायचात ते देवाला हात जोडायला आणि हरवलेला चष्मा शोधायला. मी तुमच्या चिरंजीवांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "अण्णांना घरात गरम होतं."

मी ते मानलं. सगळ्या घरानं मानलं होतं. सिमेंटचा स्लॅब, ठेंगण्या खिडक्या, चैत्रापासून दुपारी आत बसवत नाही हे खरंच होतं. पण पत्र्याच्या शेडमध्ये बसून स्लॅबच्या गरमीला नावं ठेवणाऱ्या माणसाकडे बघून मला शंका यायला पाहिजे होती. इतकी वर्षं आली नाही. मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. एवढी पुस्तकं वाचून काय उपयोग झाला, हा तुमचा आवडता प्रश्न इथं अगदी बरोबर बसतो.

मग तीन उन्हाळ्यांपूर्वी, वैशाखात, भर दुपारी लिंबाखाली तुम्ही बाजेवरून उठता उठता खाली पडलात. तुमची नात सई पाण्याचा तांब्या घेऊन गेली होती, ती तांब्या टाकून ओरडत परत आली. लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, थोडक्यात निभावलं. "अकरा ते चार घरात. थंड जागी. पुन्हा असं झालं तर मला काही सांगता यायचं नाही."

"घरात?" तुम्ही सलाईन लावलेल्या हातानंच हातवारे केलेत. "डॉक्टरसाहेब, आमचं घर बघितलंय का? भट्टी हाय भट्टी. लिंबाखालून काढून भट्टीत घालता व्हय मला?"

डॉक्टर हसले. तुमचे चिरंजीव हसले. मला हसू आलं नाही. सई दाराशी उभी होती आणि तिच्या फ्रॉकवर अजून तांब्यातलं पाणी होतं. मी तिथंच ठरवलं, या माणसाला घरात आणायचं. घर गरम आहे म्हणतात ना, तर घर गार करायचं.

ठरवणं सोपं असतं. आपल्या घरात पैसा पाहुण्यासारखा येतो. चिरंजीवांची उमरग्याच्या शाळेच्या गाडीवर नोकरी, म्हणजे सुट्टीचे महिने बिनपगारी. माझं वाचनालयाचं मानधन वर्षातून दोनदा, आणि आल्या आल्या त्याला निघायची घाई. तरी मी वाचायला लागले. घरं थंड ठेवण्यावरची एक पुस्तिका वाचनालयातच धूळ खात पडली होती. तिच्यातले तीन उपाय मी तुमच्यापुढं मांडले. छतावर फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवायचे. नाहीतर मडकी पालथी घालून वर माती पसरायची. नाहीतर वाफे करून भाजी लावायची.

तिन्हींना तुमचा एकच शब्द. "वजन."

"स्लॅबला काय होतंय मामा? तुम्हीच भरलाय ना?"

"म्हणूनच सांगतो. वर काय ठेवायचं न्हाय."

"माती तर आहे नुसती."

तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, मिस्त्रीचा हेकटपणा. दोन दिवस आपण बोललो नाही. सगळे निरोप सईमार्फत. "आजोबांना सांग, चहा झालाय." "आईला सांग, मला दिसतोय." तिसऱ्या दिवशी तुम्ही कप खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "चुना मार. चुन्याला वजन नसतं."

मामा, तो चुन्याचा दिवस माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी एक आहे. डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली होती म्हणून तुम्ही ऊन यायच्या आत छतावर. तुमच्या जुन्या धोतरातून गाळलेला चुना, त्यात मूठभर मीठ आणि डिंकाचं पाणी, आणि हातात नवा कुंचा. पहिला हात पूर्व-पश्चिम, तो वाळला की दुसरा दक्षिण-उत्तर. काम सोडून वर्षं झाली होती, पण कुंचा हातात आल्यावर तुमची पाठच बदलली. मी मागं मागं बादली घेऊन. दुसरा हात संपला तेव्हा मी पुस्तिका उघडून दाखवली.

"इथं तीन हात लिहिलेत."

"दोन बास. तिसरा हात पोपडा धरतो."

"छापलंय हो मामा."

"छापणाऱ्याला सांग, एकदा सास्तूरला ये, पोपडे झाडायला."

दुपारी माझ्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करून तुम्ही पुन्हा वर गेलात, अनवाणी. आदल्या दिवशी त्या छतावर पाचपर्यंत मोजेस्तोवर पाय उचलावा लागत होता. तुम्ही मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. गल्ली ऐकत होती. साठला पोचल्यावर सुमनकाकू त्यांच्या दारातून ओरडल्या, "मिस्त्री, उतरा आता! तुमच्या छताच्या उजेडानं आमचा डोळा लागंना!" पुढच्याच आठवड्यात त्या उरलेला चुना मागायला आल्या हे तुम्ही त्यांना शेवटपर्यंत विसरू दिलं नाही.

घर गार झालं. इतकं की भिंतीला पाठ टेकवून बसता यायला लागलं. मी मधल्या खोलीत सतरंजी टाकली आणि तुमची वाट बघत बसले. तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात, आत हात घालून हवा तपासल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "बरं हाय की. पर पंख्याशिवाय बसवायचं न्हाय. आन् पंखा लावला की मीटर पळतंय."

झालं. आता मीटर. लग्नातला आपला पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करायचा आणि वीजही तशीच खायचा. दिवाळीत मानधन आलं तेव्हा मी उमरग्याच्या दुकानातून कमी विजेचे दोन पंखे आणले, अर्धे पैसे रोख आणि उरलेले दोन हप्त्यांत. दुकानदाराला मी वाचनालयातून त्याच्या मुलासाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिली होती, त्याची ती ओळख. पंखे बिनआवाजाचे. तुम्ही ते बघितलेत, नावाजलेत, आणि उंबऱ्यातून हात लांबवून बटण बंद केलंत.

"खाली कुणी न्हाय. भिंतीला वारा घालतोय काय?"

"तुम्ही बसा ना खाली, मग भिंतीला नाही लागायचा."

"मीटर पळतंय, पोरी."

तेव्हा मी ठरवलं, मीटरच उलटं पळवायचं.

छतावर सौर पॅनल बसवायला सरकारी अनुदान मिळतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते पॅनल बसल्यानंतर मिळतं, आधी सगळी रक्कम आपण उभी करायची, हे अर्ज भरायला घेतल्यावर कळतं. मी बँकेत गेले. साहेब भले होते, चहा पाजला. पण त्यांच्या संगणकात कमाईचे बारा रकाने होते आणि माझ्याकडे भरायला दोनच. मी घरी येऊन सुमनकाकूंकडे गेले. त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटामार्फत कर्ज मिळत होतं, हप्ता झेपण्यासारखा होता. वाचलेल्या वीजबिलातून दर महिन्याचं, मानधनातून दोनदा जास्तीचं, आणि अनुदान आलं की ते सगळं मुद्दलात. मी कागदावर तीन वेळा मांडून बघितलं, तिन्ही वेळा जमलं.

फॉर्मवर 'कर्जाचे कारण' असा रकाना होता. शेळी, म्हैस, शिलाई यंत्र, किराणा. छत कुठंच नव्हतं.

"शेळी लिही," काकू म्हणाल्या.

"खोटं लिहू?"

"अगं बाई, गावात कागदावर जितक्या शेळ्या हायत तितक्या खऱ्या असत्या, तर तुमच्या लिंबाला पाला राहिला असता का?"

मी लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, "किती शेळ्या?"

"दोन."

"गाभण लिहिल्यास का?"

पॅनल घेऊन सोलरचा माणूस आला तेव्हा फाल्गुन चालू होता. चाळिशीतला, शांत गृहस्थ. टेम्पोत दोन पॅनल, लोखंडी चौकट आणि चौकटीच्या पायांवर ठेवायला सिमेंटचे ठोकळे. तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभे होता.

"वजन किती?"

त्यानं किलोत सांगितलं.

"पाट्यांत सांग. मातीच्या पाट्या, डोक्यावर वाहत्यात त्या."

तो गोंधळला. तुम्हीच हिशेब केलात. पॅनलची एक-दीड पाटी, ठोकळ्यांच्या इतक्या, चौकटीची एक. आणि मग तुम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलात, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून. "वर जायचं न्हाय."

मला राग आला, मामा. तो आजही लिहिताना लपवत नाही. मी म्हणाले, "कर्ज उचललंय मी. कागदावर दोन शेळ्या बांधल्यात तुमच्यासाठी. छत गार केलं, पंखे आणले, आता अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "चाळीस पाट्या."

"एवढं नाही हो भरत, आत्ताच तर तुम्ही..."

"ह्याचं न्हाय सांगत. जुन्या घराचं. त्या सालचं."

आणि तुम्ही सांगितलंत. मी ऐकलं ते तसंच लिहून ठेवते, कारण तुम्ही ते पुन्हा कधी बोलला नाहीत. जुनं घर माळवदाचं. लाकडावर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. दरसाल पावसाच्या आधी त्या थरावर नवी माती टाकायची, सगळा गावच टाकायचा, त्यानं घर गळत नसे आणि उन्हाळ्यात गार राही.

"माय म्हणली, नाम्या, औंदा दुपारचं लई तापतंय रं. दरसाल वीस पाट्या टाकायचो. त्या साली म्या चैतातच चाळीस टाकल्या. गार झालं घर. लई गार झालं. माय सगळ्या गल्लीत सांगायची, माझ्या लेकानं मला गारव्यात बसवली." तुम्ही तळहात पायरीवर पुसलात. "भूकंप झाला तवा म्या मुरूम गावी कामावर मुक्कामी हुतो. आलो. आन् मग त्याच पाट्यांनी माती उपसली. खाली माय हुती. तवापासनं छताखाली डोळा मिटला की पाट्या मोजाया लागतो."

सोलरचा माणूस पान्हा हातात धरून उभा होता. मी वर्षभर हेच करत होते. तुमच्यापुढं येऊन रोज सांगत होते, घर गार करते, वर माती टाकते. गरमी हे कारण नव्हतंच कधी. ती फक्त सांगता येण्यासारखी गोष्ट होती.

पहिला बोलला तो तोच माणूस. म्हणाला, "बाबा, हे घर तुम्ही बांधलंय म्हणतात. कॉलम कुठं कुठं हायत ते दाखवता का? सगळे पाय कॉलमच्याच डोक्यावर ठेवतो. स्लॅबवर कायबी भार येणार न्हाय."

तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. मग हळूच उठलात. चुलीतला एक कोळसा उचललात आणि जिना चढलात. वर पांढऱ्याशुभ्र छतावर तुम्ही चालत गेलात, थांबलात, टाचेनं टोकलंत आणि फुली मारलीत. दुसरी. तिसरी. चौथीला तर डोळे मिटून गेलात. "घे मापून," तुम्ही म्हणालात. त्यानं खालून भिंती मापल्या, वर येऊन टेप लावली, आणि मान डोलावली. बोटभरही फरक नव्हता. "ह्या घराची हाडं म्या बसवलीत," तुम्ही म्हणालात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला या घराबद्दल 'माझं' अशा सुरात बोलताना ऐकलं. त्यानंतर दिवसभर तो बिचारा कारागीर नसून तुमच्या हाताखालचा गडी होता. सई तुमच्या डोक्यावर छत्री धरून मागं मागं. "बोल्ट आवळ. अजून. तुझा हात हाय का पापड?"

तरीही तुम्ही घरात आला नाहीत. मीही म्हटलं नाही. आता कारण कळलं होतं, आणि कळल्यावर आग्रह करायची माझी हिंमत गेली होती. छत गार, पंखा फुकट, मीटर जाग्यावर, आणि तुम्ही लिंबाखाली. मला वाटलं, राहू दे, एवढंच होणार असेल. सई ओला पंचा तुमच्या डोक्यावर टाकत राहील.

आणि मग शेळ्या बघायला मॅडम आल्या.

कर्जाची तपासणी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारात स्कूटी थांबली, हातात रजिस्टर. "वंदनाताई तुम्हीच ना? शेळ्या कुठं आहेत?" सुमनकाकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "चरायला गेल्यात."

लिंबाखालून तुमचा आवाज आला. "न्हाय मॅडम. वर हायत."

"वर म्हणजे?"

"छतावर. या की."

तुम्ही पुढं, मॅडम मागं, त्यांच्यामागं मी, आणि काकू देवाचं नाव घेत. वर गेल्यावर तुम्ही पॅनलवर हात ठेवलात, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. "ह्या दोन. दूध देत न्हायत. पर चारा मागत न्हायत, दुसऱ्याच्या रानात घुसत न्हायत, आन् विजेचं बिल घेऊन येणाऱ्याला दारातनं परत लावत्यात."

मॅडमनी तोंडावर रजिस्टर धरलं. खाली आल्या, मधल्या खोलीत पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि माझा फॉर्म काढला. वाचला. मग पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. मागच्या बाजूला, सगळ्यात वर, छापलेलं होतं, 'घरदुरुस्ती व सौरऊर्जा'.

"मागं बघितलं नाही का ताई?"

तुम्ही उंबऱ्यात बसून होता. "आमची सून ग्रंथपाल हाय मॅडम," तुम्ही म्हणालात. "पान उलटायचं तेवढं शिकायचं राहिलंय."

त्या दिवसापासून मी हातात पुस्तक घेतलं की तुम्ही अंगणातून ओरडायचात, "पान उलट गं!" वाचनालयात येणारी मुलंसुद्धा म्हणायला लागली. मी चिडायचे. आता गेले दीड महिने प्रत्येक पानाच्या शेवटी एक क्षण थांबते.

मॅडमनी खोडून नवं कारण लिहिलं, माझी सही घेतली. मग सहज विचारलं, "कुणासाठी केलं हे एवढं?" मी ऊन लागल्याचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्या तुमच्याकडे वळल्या. "मग आजोबा, दुपारी इथंच झोपता ना?"

मी तुमच्याकडे बघितलं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "हितंच."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अंगणातून फरफटण्याचा आवाज आला. तुम्ही बाज ओढत होता. दारातून ती सरळ आत जाईना, तर तुम्ही ती आडवी केलीत, तिरपी केलीत, चौकटीला एक ओरखडा काढलात आणि आत घातलीत. मी मदतीला आले तर म्हणालात, "सर बाजूला. तुझं शेळीचं खोटं तू खरं केलंस. काल म्या एक बोललोय, ते मला खरं कराया पाहिजे."

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले. मामा, तुम्हाला वाटलं मला कळलं नाही, पण त्या दिवशी तुम्ही झोपला नव्हता. पाय दाराकडे होते. पायांत चपला होत्या. डोळे स्लॅबवर, आणि ओठ हलत होते. चार वाजता तुम्ही उठलात, "झाली झोप" म्हणालात, आणि तुमचा सदरा पाठीला चिकटलेला होता, त्या गार खोलीत. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी चपला बाजेखाली होत्या. पाचव्या दिवशी मी पुस्तकावरून बघत होते. ओठ हलत होते, हलत होते, मग सावकाश झाले, मग थांबले. आणि थोड्या वेळानं मला वाटलं, गल्लीत कुणी पिठाची गिरणी सुरू केली.

तुम्ही घोरत होता.

मी पुस्तक मिटलं. सई शाळेतून आली, मी तोंडावर बोट ठेवलं. चिरंजीव कामावरून आले, ते दारातच थबकले, हातात बूट. आम्ही तिघं उभे राहून एका माणसाचं घोरणं ऐकत होतो, आणि तुमचे चिरंजीव, ज्यांना मी कधी रडताना बघितलं नाही, ते भिंतीकडे तोंड करून बूट पुसत होते. स्वच्छ बूट.

त्यानंतर दोन पूर्ण उन्हाळे तुम्ही आत झोपलात. नंतर नंतर तर पाहुणे आले तरी उठायचा नाहीत. गेल्या पौषात गटाचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुटल्या का शेळ्या? दावं सोडून ठेव." दहाव्याला भावकी आली तेव्हा सगळे सवयीनं लिंबाखाली गेले, तर तिथं बाज नाही. तुमच्या चुलतभावानं विचारलं, "बाज कुठं गेली?" मी म्हणाले, "आत आहे." म्हातारा दारातून आत बघून आला आणि नुसता मान हलवत राहिला. बसायला माणसं फार होती, कुणीतरी म्हणालं बाज बाहेर काढा. मी काढू दिली नाही.

एक बोलायचं राहिलं, मामा. त्या दिवशी जिन्यावर माझ्याजवळ शब्द नव्हते, नंतर ते सुचले आणि तुमची मोडलेली सवय परत येईल या भीतीनं मी ते गिळले. वीस पाट्यांची घरंही पडली होती. सगळी गल्ली पडली होती. तुमच्या आईला एक अख्खा उन्हाळा गारव्यात बसायला मिळालं, आणि तो तिच्या लेकानं दिला, एवढंच त्या चाळीस पाट्यांचं खरं आहे. हे मी तुमच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या पाचव्या दिवशी, झोप लागायच्या आधी, तुम्ही कितीपर्यंत गेला होता?

आज सकाळी ऊन यायच्या आत मी आणि सई छतावर गेलो. पहिला हात पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर. तुमच्या कोळशाच्या फुल्या चौकटीच्या पायांखाली अजून थोड्या दिसतात, त्यांच्यावर चुना जाऊ दिला नाही. ड्रममध्ये बरोबर एका हाताचा चुना उरला. पुस्तिकेत तीनच लिहिलंय, आणि तुम्ही अडवायला नाही. मी कुंचा बुडवलाही. मग वर काढून निथळला, आणि उरलेला चुना सुमनकाकूंना देऊन आले. भांडण जिंकलात असं समजू नका. पुढच्या वर्षी बघू.

दुपारी पाठ दुखत होती, म्हणून तुमच्या बाजेवर आडवी झाले, पाय दाराकडे करून. वर स्लॅब. मी मोजायला सुरुवात केली, तुमच्यासारखीच, पाट्या. एक, दोन. म्हटलं, तुम्ही कुठवर पोचलात ते तरी कळेल.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. सई बाजेशेजारी जमिनीवर माझंच पुस्तक वाचत बसली होती. म्हणाली, "आई, तू घोरत होतीस."

"खोटं."

"आजोबांची शपथ. त्यांच्याएवढं नाही, पण बऱ्यापैकी."

मी आठवून बघितलं, मामा. कितीपर्यंत मोजलं, मलाही सांगता येत नाही.